दंडाने जबाबदारी येते काय?

वार्षिक परीक्षा जवळ आली की शाळाशाळांतून ग्रंथालयाची पुस्तके परत मागविण्याची घाई सुरू होते. ज्याच्या हातून पुस्तक हरवले असेल त्याने छापील किंमत, काही ठिकाणी तर तिच्या दुप्पट रक्कम, कार्यालयात भरावी. तोवर शाळा सोडल्याचा दाखला मिळणार नाही, असा दंडक अनेक ठिकाणी असतो. पावती फाडली की प्रकरण मिटते. परंतु विद्यार्थ्याच्या ठायी जबाबदारीची जाणीव रुजावी हा जर या दंडाचा हेतू असेल, तर तो सफल होतो काय, हे सहसा कोणी विचारीत नाही.

या संदर्भात अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला इस्रायलमधील हैफा शहरातला एक प्रयोग आठवल्यावाचून राहत नाही. उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्टिचिनी यांनी तेथील दहा पाळणाघरांची पाहणी करून २००० साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांपैकी सहा पाळणाघरांत, मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना दंड लावण्यात आला. उशिरा येणारे कमी होण्याऐवजी वाढले. जवळजवळ दुप्पट झाले! आपल्यासाठी कोणीतरी खोळंबले आहे हा संकोच जोवर होता तोवर पालक धावतपळत येत. दंड आला आणि तो उशिराचा भाव ठरला. भाव चुकता केल्यावर संकोच कशाचा? पुढे दंड रद्द झाला, तरी गेलेला संकोच परतला नाही.

आपल्या वर्गांत याहून वाईट घडते, कारण येथे भाव सर्वांना सारखा पडत नाही. ज्याच्या घरी शंभर-दोनशे रुपये किरकोळ समजले जातात, तो मुलगा पुस्तक हरवीत नाही, विकत घेतो. ज्याच्या आईची दिवसभराची मजुरी त्यात जाते, तो पुढच्या वर्षी पुस्तक घरी नेतच नाही. ग्रंथालयाची खरी गरज मात्र त्यालाच! दाखला अडविणे तर बेकायदेशीरच होय. दुसऱ्या शाळेत जाणाऱ्या मुलाला दाखला तत्काळ द्यावा, विलंब लावणारा मुख्याध्यापक शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र ठरेल, असे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या पाचव्या कलमात म्हटले आहे.

भरपाई मुळीच नको, असा याचा अर्थ नव्हे. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाने २०२१ मध्ये उशिराचा दंड रद्द केला, तेव्हाही हरवलेल्या पुस्तकाची किंमत घेणे चालूच ठेवले. मात्र शाळकरी मुलाची भरपाई बापाच्या खिशातून का यावी? पुस्तक हरवल्याचे त्याने स्वतः येऊन सांगावे, शोधावे, न सापडल्यास चार-सहा दुपारी ग्रंथालयात बसून फाटकी पुस्तके डकवावीत, वेष्टने घालावीत. हे श्रीमंताच्या मुलालाही चुकविता येत नाही. मुद्दाम पाने फाडणाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याच्या पालकांना बोलवावेच लागेल.

येथे शिक्षकांची बाजूही लक्षात घेतली पाहिजे. पुस्तक गहाळ झाले तर ते आपल्या पगारातून वळते होईल, या धास्तीने कित्येक ठिकाणी कपाटाचे कुलूपच निघत नाही. तपासणीच्या दिवशी पुस्तके मोजून पुरी भरतात. वाचलेले एकही नसते. याबाबतीत केंद्र सरकारची कार्यालये अधिक सुज्ञ म्हणावी लागतील. त्यांच्यासाठी असलेल्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांतील २१५ वा नियम असे मानतो की, हजार पुस्तकांच्या देवघेवीमागे वर्षाकाठी पाच पुस्तके गहाळ होणे वाजवी आहे. अट एवढीच, की त्यामागे लबाडी वा हलगर्जीपणा नसावा. दुर्मीळ अथवा हजार रुपयांहून महाग पुस्तकाची मात्र चौकशी होते. राज्याच्या शिक्षण खात्याने हीच मुभा प्रत्येक शाळेला परिपत्रकाद्वारे निःसंदिग्ध शब्दांत कळवावी. मे महिन्याच्या सुटीत ते निघाले, तर जूनमध्ये कपाटे उघडता येतील.