विश्लेषण : सातबाराची पीडीएफ उघडायला 'प्रीमियम' कशाला?

निफाड तालुक्यातले विंचूर म्हणजे लासलगाव बाजार समितीच्या कांद्याच्या उपबाजाराचे गाव. इथल्या शेतकऱ्याला पीक कर्जासाठी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा हवा असेल, तर तो शासनाच्या संकेतस्थळावरून १५ रुपयांत मिळतो. हाती येते ती पीडीएफ फाइल. ती उघडायला एखादे मोफत 'पीडीएफ रीडर' ॲप घेतले, की आधी जाहिरात येते, मग 'प्रीमियम घ्या', मग 'फ्री ट्रायल'. हे बंद करायची फुली कोपऱ्यात, दिसेल न दिसेल अशी.

वाचायला पैसे लागतात का?

नाही. पीडीएफ अडोबी कंपनीने १९९३ मध्ये आणली, पण २००८ पासून ती आयएसओचे खुले मानक आहे. ती उघडणारे सॉफ्टवेअर कोणीही बनवू शकतो. क्रोमसारखे ब्राउझर, फोनमधले गूगल ड्राइव्ह हे काम फुकट करतात. संगणकासाठी जाहिरातमुक्त सुमात्रापीडीएफ आहे. म्हणजे वाचण्याची सोय विकता येत नाही. विकायला उरते ते फाइलमध्ये बदल करणे, वर्डमध्ये रूपांतर करणे. ही गरज बहुतेकांना क्वचितच पडते, म्हणून तिची आठवण सतत करून दिली जाते. अडोबीच्या मोफत रीडरमध्येही 'एडिट'चे बटण दिसते. दाबले की वर्गणीचा विषय निघतो.

प्रश्न केवळ वैतागाचा नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये लोकप्रिय 'कॅमस्कॅनर' ॲपच्या जाहिरातींच्या भागात घातक कोड असल्याचे कॅस्परस्कीने उघड केले होते.

कायदा काय म्हणतो?

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी 'डार्क पॅटर्न'विरोधी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यातल्या १३ प्रकारांत 'नॅगिंग', म्हणजे खरेदीसाठी वारंवार तगादा लावणे, आहे. वर्गणीचा सापळाही आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते. पण पॉप-अपसाठी फोन करत बसणार कोण? या व्यवसायाचे बळ नेमके त्यात आहे.

ट्रायल चुकून सुरू झालीच, तर ॲप काढून टाकल्याने वर्गणी थांबत नाही. प्ले स्टोअरमध्ये 'पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स'मध्ये जाऊन ती वेगळी रद्द करावी लागते, तीही ट्रायलची मुदत संपण्याआधी.