जुनी मोटार घेतांना

जालन्याच्या ‘एमएच-२१’ क्रमांकाची १० वर्षांची मोटार घ्यावयाची झाल्यास, नोंदणीपत्रावरील मुदत संपलेली नाहीं एवढ्यावर कित्येक कुटुंबें निश्चिंत होतात. आम्हांस हें समाधान फसवें वाटतें. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यान्वयें खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षें चालते. सरकारी निरीक्षक ती पुन्हां तपासतो तो त्यापुढील नूतनीकरणाच्या वेळीं. मधल्या काळाची साक्ष दुरुस्तीच्या पावत्या व विम्याचे कागदच देतात. ते मागावे, पावत्यांवरील किलोमीटरचे आंकडे तारखांप्रमाणें चढत गेले आहेत कीं नाहींत हें पाहावें, ब्रेक व चाकें ओळखीच्या मिस्त्रीकडून तपासून घ्यावींत. कागद न दाखविणाऱ्या विक्रेत्याच्या भिडेस पडूं नये. त्या गाडींत आजीपासून नातवापर्यंत सारें कुटुंब बसावयाचें असतें.