मावळातील झाडछाटणी : झाडाची चर्चा होते, चढणाऱ्याची होत नाही

२०२५ मध्ये मान्सून २६ मे रोजी पुण्यात पोहोचला. पुण्यासाठीची सर्वसाधारण तारीख १० जून आहे. भाताची रोपवाटिका कशी सांभाळायची, यावर त्या दिवसांत बरेच बोलले गेले. मावळातील आणखी एक काम मात्र याच पंधरवड्यावर अवलंबून असते, ते म्हणजे घरावर, गोठ्यावर आणि वीजतारांवर आलेल्या फांद्यांची छाटणी. ही छाटणी बहुतेक ठिकाणी मेच्या शेवटी ठेवली जाते. पाऊस दोन आठवडे आधी आला की तेच काम ओल्या, शेवाळलेल्या खोडावर चढून उरकले जाते. लोणावळ्याच्या बाजूला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. तेथे जूनमध्ये खोड कोरडे मिळण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही.

या कामाची मागणी अलीकडे वाढली आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड किनाऱ्यावर धडकले आणि घाट चढून मावळातून पुढे गेले. पॉलिहाऊसचे कागद फाटले, घरांचे पत्रे उडाले, विजेचे खांब आडवे झाले, झाडे उन्मळून पडली. त्यानंतर घराशेजारच्या मोठ्या झाडाकडे पाहण्याची नजरच बदलली. शिवाय लोणावळा आणि पवना धरणाच्या परिसरात बंगले, फार्महाऊस वाढले. तेथे लावलेले सिल्व्हर ओक, गुलमोहर, निलगिरी आता पत्र्यांच्या आणि तारांच्या वर गेले आहेत. ही झाडे छाटायला बोलावले जातात ते गावातलेच लोक. घरचा शेतकरी असेल, नाहीतर पूर्वापार राबासाठी ऐन-किंजळावर चढणारा मजूर.

राबाचे कौशल्य आणि आजचे काम

राबासाठी फांद्या तोडणे हे कसबाचे काम आहे, याबद्दल शंका नको. अनवाणी पायाने चढायचे, कमरेला कोयता, एका हाताने फांदी धरून दुसऱ्या हाताने घाव. पण त्या फांद्या मनगटाएवढ्या असतात. खाली मोकळे रान असते. झाड दर एक-दोन वर्षांनी छाटलेले असल्याने त्याची उंचीही मर्यादित राहते.

आजचे काम वेगळे आहे. एक फूट जाड आणि दहा फूट लांब ओली फांदी दोनशे किलोच्या आसपास भरते. ती दोर न बांधता सोडली, तर पत्रा जातोच. पण तुटताना बुंध्याकडे झोका घेऊन चढणाऱ्यालाच धडकू शकते. त्यात हातात कोयत्याऐवजी कटर म्हणजे चेनसॉ आलेला असतो. बॅटरीवर चालणारे छोटे कटर ऑनलाइन सहज मिळतात आणि ते एका हाताने चालवायचे असतात, असा समज पसरला आहे. तो चुकीचा आहे. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला, की मशीन क्षणात चालवणाऱ्याच्या तोंडाकडे उसळते. तेव्हा दोन्ही हातांची पकड आणि चालू स्थितीतला चेन ब्रेक एवढाच आधार असतो. खांद्याच्या वर कटर धरून कापणे आणि शिडीवर उभे राहून कटर चालवणे, या दोन गोष्टी पूर्ण बंद कराव्यात. शिडीवरच्या माणसाला दोन्ही हात मशीनवर ठेवून तोल सांभाळता येत नाही. कापलेली फांदी शिडीलाच धडकते, ते वेगळे.

माझे मत असे, की गावातील आठ-दहा छाटणीच्या कामांपैकी बरीचशी झाडावर न चढता होऊ शकतात. लांब दांड्याच्या करवतीने जमिनीवर उभे राहून मनगटाएवढी फांदी निघते. गटाने किंवा शेतकरी उत्पादक कंपनीने दोन-तीन घेऊन ठेवल्या, तर त्या वर्षानुवर्षे पुरतात. तारेजवळ मात्र धातूच्या दांड्याची करवत नेऊ नये.

चढावेच लागले, तर कमरेचा साधा पट्टा पुरत नाही. पडताना सगळा झटका कंबर आणि पाठीच्या कण्यावर येतो. पूर्ण अंगाचा हार्नेस घ्यावा आणि त्यावर आयएस ३५२१ हा क्रमांक आहे का, ते पाहावे. हेल्मेटसाठी आयएस २९२५. बांधकामावर मिळणाऱ्या हार्नेसला बऱ्याचदा पाठीमागे एकच कडी असते. ती पडणे अडवते, पण झाडावर टेकून काम करता येत नाही. बुंध्याभोवती दोर घेऊन स्थिर उभे राहण्यासाठी कमरेच्या दोन्ही बाजूंना कड्या असलेला हार्नेस लागतो. कटर वापरताना बांधणी दोन ठिकाणी हवी, कारण एक दोर चुकून कापला जाऊ शकतो. बैलाचा कासरा, काथ्याचा दोर किंवा पिवळा प्लॅस्टिक दोर माणसाचे वजन पेलण्यासाठी वापरू नये. उन्हात पडून राहिलेला प्लॅस्टिक दोर वरून ठीक दिसतो, आतून कुजलेला असतो.

खाली एक माणूस कायम हवा, आणि तो फांद्या ओढणारा नको, वर पाहणारा हवा. वरचा माणूस हार्नेसमध्ये निपचित लटकला, तर काही मिनिटांतच त्याची प्रकृती बिघडू शकते. त्याला खाली कसे घ्यायचे, हे चढण्यापूर्वी ठरलेले असले पाहिजे. वाडीपर्यंत १०८ रुग्णवाहिका यायला वेळ लागतो, हे गृहीत धरावे. चढण्यापूर्वी झाडाभोवती एक फेरी मारावी : आग्या मोहोळ, ढोली, बुंध्यावरची अळिंबी, वाळलेला शेंडा. उंबर, पांगारा, शेवगा, गुलमोहर यांची फांदी हिरवी असूनही दगा देते.

लाईट गेली म्हणजे तार मेली नव्हे

शेतीपंपाचा पुरवठा पाळीने येतो. त्यामुळे ‘आत्ता लाईट नाही’ एवढ्या भरवशावर तारेजवळची फांदी तोडली जाते. पुरवठा कधी परत येईल, हे झाडावरच्या माणसाला कळत नाही. बंगल्यांच्या भागात दुसरा धोका आहे. जनरेटर नीट वेगळा केलेला नसेल, तर बंद तारेत उलटा प्रवाह येतो. ११ किंवा २२ केव्हीच्या तारेला हात लागण्याचीही गरज नसते. ओली फांदी जवळ आली तरी पुरे. तारेलगतची छाटणी महावितरणकडे द्यावी. १९१२ वर तक्रार नोंदवून क्रमांक लिहून ठेवावा, आणि लाइन बंद करून अर्थिंग केल्याशिवाय कोणाला चढू देऊ नये. वायरमन ओळखीचा आहे, फोनवर ‘बंद केली’ म्हणाला, एवढे पुरेसे नाही.

परवानगीचेही पाहून घ्यावे. लोणावळा आणि तळेगाव दाभाडे नगरपरिषद हद्दीत १९७५ चा नागरी क्षेत्र वृक्ष कायदा लागू आहे, त्यामुळे मोठी छाटणीही वृक्ष प्राधिकरणाला विचारून करावी. गावात १९६४ च्या कायद्याच्या अनुसूचीत आंबा, फणस, जांभूळ, चिंच, हिरडा, ऐन, किंजळ अशी बांधावरची नेहमीची झाडे आहेत. ती तोडण्यापूर्वी वनपरिक्षेत्र कार्यालयात अर्ज लागतो.

काप कसा घ्यावा

चुकीचा काप आज झाडाचे नुकसान करतो आणि पाच वर्षांनी कुजलेली फांदी डोक्यावर आणतो. जाड फांदीला पहिला काप बुंध्यापासून फूट-दीड फूट अंतरावर खालून, पाव जाडीपर्यंत. दुसरा त्याच्या थोडा पुढे, वरून. फांदी साल न सोलता पडते. उरलेला खुंट मग फांदीच्या बुडाशी असलेल्या फुगीर कड्याच्या लगत बाहेरून कापावा. बुंध्याशी सपाट कापू नये, खुंटही ठेवू नये. कापावर दहा टक्के बोर्डो पेस्ट लावावी : १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी, प्लॅस्टिकच्या भांड्यात. आंब्याच्या उघड्या कापावर खोडकिडा लगेच येतो. पावसापूर्वी फक्त वाळलेल्या, चिरलेल्या आणि घरावर झुकलेल्या फांद्या काढाव्यात. जुन्या आंब्याची मोठी छाटणी पाऊस संपल्यावरच.

पडला तर कोण देणार?

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत उंचावरून पडून मृत्यू झाल्यास २ लाख रुपये मिळतात. पण ही योजना सातबारावर नाव असलेला शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातील एका सदस्यासाठी आहे. रोजाने आलेला भूमिहीन मजूर, म्हणजे प्रत्यक्षात झाडावर चढणारा माणूस, तिच्या बाहेर राहतो. नारळ विकास मंडळाने २०११ मध्ये ‘फ्रेंड्स ऑफ कोकोनट ट्री’ कार्यक्रम सुरू केला, तेव्हा प्रशिक्षण, चढण्याचे यंत्र आणि ‘केरा सुरक्षा’ विमा यांचा एकत्र विचार झाला. आंबा, ऐन आणि सिल्व्हर ओकवर चढणाऱ्यासाठी असे काही उभे राहिलेले मला मावळात दिसत नाही. ते कृषी विभागाने की वन विभागाने करावे, या वादात आणखी काही पावसाळे जातील.

तोवर हाताशी आहे ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. वर्षाला २० रुपये हप्ता, वय १८ ते ७०, अपघाती मृत्यूस २ लाख, एक हात, पाय किंवा डोळा कायमचा गेल्यास १ लाख. बँक खाते आणि संमतीपत्र एवढेच लागते. मुदत १ जून ते ३१ मे असते आणि हप्ता खात्यातून आपोआप वळता होतो, त्यामुळे मेअखेर खात्यात पैसे असले पाहिजेत. मजुराला काम सांगताना हा हप्ता मालकाने भरावा. एका चहा-नाश्त्याएवढा खर्च आहे.

गावपातळीवरील कृषी कर्मचाऱ्यांना आणखी एक गोष्ट करता येईल. राबाऐवजी गादीवाफ्यावर रोपवाटिका केली, तर त्या घरातील माणसाचे ऐनावर चढणे तेवढे कमी होते. हिरवळीचे खत हवे असेल, तर बांधावर गिरिपुष्प लावून ते कमरेच्या उंचीवर छाटत राहावे. त्याला कोयता पुरतो आणि पाय जमिनीवर राहतात. मेमधील खरीप बैठकांत बियाणे-खतांबरोबर हा विषय पाच मिनिटे घ्यावा, आणि छाटणीची तारीख १५ मेच्या आत ठरवून घ्यावी.