स्वस्त परदेशी फोन आणि आपली पेढी

सप्टेंबर २०१४ मध्ये शाओमी या चिनी कंपनीचा ‘रेडमी १एस’ हा स्मार्टफोन ५,९९९ रुपयांस भारतात विकावयास आला. मुलांच्या आग्रहावरून त्यांतील एक प्रस्तुत लेखकाच्या पेढीवर आला, तेव्हा एवढा स्वस्त परदेशी माल म्हणजे चार दिवसांचे खेळणे, असेच जुन्या मुनीमजींचे मत पडले. प्रत्यक्षात काम चोख निघाले. पावणेपाच इंची पडदा, दोन सिमकार्डांची सोय. लातूरच्या आडत्याचा भाव आणि तुरीचे छायाचित्र जामबागेत बसल्या जागी क्षणात हाती!

परंतु व्यापाऱ्याने पाहावयाचे ते निराळेच. हा फोन आरंभी केवळ इंटरनेटवरून विकला जाई. मध्ये घाऊक व्यापारी नाही, दुकानदार नाही. किंमत उतरली ती बऱ्याच अंशी त्यांचा नफा वगळून. आबिड्सच्या जगदीश मार्केटातील मोबाइल विक्रेत्यांपुढे जो प्रश्न तेव्हा उभा राहिला, तो धान्याच्या पेढीपुढे येणार नाही असे कोणी समजू नये. शेतमालाच्या लिलावासाठी केंद्र सरकारने २०१६ मध्ये ‘ई-नाम’ सुरू केलेच आहे.

तथापि त्याच कंपनीने मे २०१७ मध्ये बंगळूरला स्वतःचे दुकान थाटले. वस्तू हातात धरून पाहावी ही ग्राहकाची इच्छा इंटरनेटला पुरी करता येईना. तूर तर फोनहून हट्टी. छायाचित्रात दाणा टपोरा दिसतो. ओलावा किती, हे दाताखाली फोडल्याविना कळत नाही. तेव्हा व्यापारी बंधूंनी भाव फोनवर अवश्य घ्यावा, सौदा मात्र नमुना हाती आल्यावरच पक्का करावा. आणि ही पारख मुलांना आताच शिकवावी, कारण त्यांची मान सदैव त्या पडद्यावर वाकलेली असते.