पेरूला मीठ चालते, मग वरणभातात केळे का नाही?

पेरूच्या फोडीवर तिखट-मीठ भुरभुरले तर कोणाला नवल वाटत नाही. जिलेबीबरोबर मठ्ठा तर पंगतीतला मानाचा. मात्र घरातल्या कोणी वरणभातात केळे कुस्करले किंवा चहात चिवडा टाकला, की 'काय हे भलतेच!' म्हणून टोमणे सुरू होतात. जोडी जुनी असली की परंपरा, नवी असली की चाळे.

जिभेला हा भेद कळत नाही. मीठ कडवटपणा दाबते आणि त्यामुळे दबलेली गोडी वर येते, हे अमेरिकेतील मोनेल संस्थेच्या संशोधकांनी १९९७ मध्ये दाखवले. कच्चट पेरू मिठाने गोड लागतो तो असा. जोधपूरच्या आयआयटीतील अभ्यासकांनी २०१५ मध्ये अडीच हजारांवर भारतीय पाककृती तपासल्या, तेव्हा आपला स्वयंपाक एकमेकांशी न जुळणाऱ्या स्वादांचे जिन्नस एकत्र आणण्याकडे झुकतो असे आढळले. त्यातही मसाल्यांचा वाटा मोठा. तेव्हा विजोड चवींना हसण्याचा हक्क आपल्याला फारसा नाही!

आवडीनिवडीचा एक धागा जन्मजात असतो. १९३१ मध्ये अमेरिकी रसायनतज्ज्ञ आर्थर फॉक्स यांच्या प्रयोगशाळेत पीटीसी नावाची भुकटी हवेत उडाली. सहकाऱ्याचे तोंड कडू झाले, फॉक्स यांना काहीच चव लागेना. हा फरक आनुवंशिक असल्याचे पुढे सिद्ध झाले आणि २००३ मध्ये त्यामागचे जनुकही सापडले. कोबीवर्गीय भाज्यांत पीटीसीशी रासायनिक साम्य असलेली द्रव्ये असतात. म्हणजे आईला सपक लागणारी कोबीची भाजी मुलाला खरोखरच कडू लागत असेल. त्याला नखरेल म्हणून धाक दाखवला, तर भाजीबरोबर जेवणाचीही धास्ती बसते. त्यापेक्षा एकच घास, पुन्हा काही दिवसांनी एक, असे आठ-दहा वेळा समोर आले की बरीच मुले सरावतात. सोबत गूळखोबरे किंवा दही मागितले तर खुशाल द्यावे.

प्रमाणाकडे मात्र लक्ष हवे. प्रौढांनी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. फळांवरचे मीठ, पापड, लोणचे, फरसाण हे सगळे त्याच हिशेबात धरायचे.

एक आवड मात्र हसण्यावारी नेऊ नये. माती, खडू, पाटीवरची पेन्सिल, कच्चे तांदूळ खाण्याची किंवा सतत बर्फ चघळण्याची अनावर इच्छा होणे, याला डॉक्टर 'पायका' म्हणतात. गरोदर स्त्रिया आणि मुलांमध्ये ते अधिक दिसते आणि अनेकदा त्यामागे लोहाची कमतरता असते. मातीतून जंतही पोटात जाऊ शकतात. चिडवल्याने हे खाणे थांबत नाही, लपून सुरू राहते. रक्तातील हिमोग्लोबिनची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रातही होते. ती आधी करून घ्यावी.