पांढऱ्या पेशी वाढल्या म्हणजे इन्फेक्शनच का?



"पांढऱ्या पेशी वाढल्या, इन्फेक्शन आहे, हे इंजेक्शन आणा." आयसीयूबाहेर बसलेल्या नातेवाइकांच्या कानावर एवढंच पडतं. मग कुणी डोरलं गहाण ठेवतं, कुणी बचत गटातून कर्ज उचलतं. नर्स असताना अशा चिठ्ठ्या मीही हातात दिल्या आहेत, म्हणून हे लिहिते.

निरोगी मोठ्या माणसात या पेशी साधारण ४ ते ११ हजार असतात. जंतुसंसर्गात त्या वाढतात, हे खरं. पण हृदयविकाराचा झटका, भाजणं, अपघात, ऑपरेशन, फिट येणं, साप चावणं, अशा आघातातही वाढतात. स्टेरॉइड दिलं की रक्तवाहिन्यांच्या भिंतीला चिकटलेल्या पेशी रक्तात उतरतात आणि आकडा फुगतो. क्वचित रक्ताचा कर्करोगही असतो.

आपल्या वस्तीत दोन कारणं विसरून चालणार नाही. पहिलं, फवारणीची विषबाधा. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. अशा विषबाधेत जंतू नसतानाही पेशी वाढू शकतात. दुसरं, सिकलसेल. विदर्भातल्या आपल्या समाजात हा आजार बराच आहे. सिकलसेलच्या रुग्णाच्या पेशी एरवीही जास्त असतात, दुखणं उठलं की आणखी वाढतात.

याचा अर्थ अँटिबायोटिक नाकारा असा नाही. खरं इन्फेक्शन असेल तर उशीर जीवावर बेततो, आणि सिकलसेलच्या रुग्णाला तर इन्फेक्शनचा धोका जास्तच. औषध आपल्या मनानं बंद करू नका. पण भरती करतानाच सांगा : फवारणी केली होती का, कोणतं औषध मारलं (डबा सोबत न्या), सिकलसेल आहे का (कार्ड दाखवा), आधी स्टेरॉइड चालू होतं का. दोन-तीन दिवसांनी विचारा : कल्चरचा रिपोर्ट काय आला? अँटिबायोटिक अजून कशासाठी?

असं विचारणं उद्धटपणा नाही. रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावणं महाराष्ट्रात २०२१ पासून खासगी दवाखान्यांना बंधनकारक आहे. आजाराची माहिती मिळणं हा त्यातला हक्क आहे. माझं स्पष्ट मत आहे, गरिबाला कागद कळत नाही म्हणून त्याला अंधारात ठेवणं हाही अन्यायच. शिकलेल्या पोरापोरींनी वस्तीतल्या रुग्णासोबत जावं, रिपोर्ट वाचावा आणि न घाबरता विचारावं.