हट्ट नव्हे, आजार


गेल्या अंकातील लेखात अ‍ॅनोरेक्सिया या अन्न टाळत राहण्याच्या मानसिक आजाराला ‘लाडावलेल्या मुलींचा हट्ट’ म्हटले आहे. ‘दुर्लक्ष करा, भूक लागली की खातील’ हा त्यातला सल्ला जिवावर बेतू शकतो. उपासमार मनच बदलून टाकते. १९४४-४५मध्ये मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुण स्वयंसेवकांना सहा महिने अर्धपोटी ठेवले, तेव्हा ते उदास, चिडचिडे झाले. डोक्यात सतत अन्नच. मग आधीच आजारी असलेल्या मुलीकडून समजूतदारपणाची अपेक्षा कशी करायची?

म्हणूनच लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात आकाराला आलेल्या कुटुंबाधारित उपचारात आईवडीलच काही काळ जेवणाची सूत्रे हाती घेतात. काय, किती, केव्हा हे ते ठरवतात, शेजारी बसतात, दोष देत नाहीत. वजन सावरले की निर्णय हळूहळू मुलीकडे परततात. किशोरवयीनांसाठी हा उपचार प्राधान्याने सुचवला जातो. मात्र फार खंगलेल्या रुग्णाला एकदम भरपूर खाऊ घालू नये; रक्तातले फॉस्फेट घसरून हृदय धोक्यात येऊ शकते. तिथे डॉक्टरांची देखरेख हवीच.

तो लेख वाचून कुणी पालक वाट पाहत बसले असतील, तर त्यांनी कृपया आजच मानसोपचारतज्ज्ञांना गाठावे.

– एक वाचक, सातारा